गायकवाड आडनावाची फ्रेम: छपाई चोख, मजकूर मात्र तपासून घ्या

बडोद्यात दांडिया बझार, रावपुरा, मांडवी या पट्ट्यातल्या फोटोफ्रेमच्या दुकानांत आडनावाच्या फ्रेमा मिळतात. वर ठळक अक्षरांत आडनाव, खाली ते कुठून आलं याची गोष्ट, एका चौकोनात गोत्र-देवक-कुलदैवत, मग त्याच आडनावाच्या नामवंतांचे गोल फोटो आणि प्रत्येकाखाली दोन ओळी, अगदी तळाला घेणाऱ्याच्या घरातल्या चार पिढ्यांची नावं. वास्तुशांतीला, साठीशांतीला, निवृत्तीच्या समारंभाला द्यायला लोक नेतात. इथलं परीक्षण 'गायकवाड' फ्रेमचं आहे, १२ × १८ इंची, काचेच्या चौकटीतल्या. दुकानाचं नाव देण्यात अर्थ नाही. तयार फाइल एकच आहे, थोड्या फरकाच्या दोन आवृत्त्यांत, ती दुकानादुकानांतून फिरते आणि एकीकडची चूक दुसरीकडे जशीच्या तशी सापडते.

छपाईला पाचात चार गुण, मजकुराला पाचात दोन. वस्तू घेण्यासारखी आहे, पण तयार मजकूर जसाच्या तसा छापून घेतला तर भिंतीवर कायमची चूक टांगली जाईल. आणि ती चूक वाचणारे बडोद्यात भरपूर आहेत.

मुख्य गोंधळ असा की फाइल तयार करणाऱ्याने आडनाव म्हणजे घराणं असं धरलं आहे. माथ्यावर बडोदे संस्थानचं राजचिन्ह, त्याखाली 'सेनाखासखेल समशेर बहादूर' ही पदवी आणि मग 'आपले पूर्वज' असा मथळा. ही पदवी बडोद्याच्या राजघराण्याची. महाराष्ट्रात गायकवाड नाशकात आहेत, पुण्यात आहेत, मराठवाड्यात आहेत. मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, इतर अनेक जातींत आहेत. त्यातल्या बहुतेकांचा बडोद्याच्या गादीशी रक्ताचा संबंध नाही आणि तो असायची गरजही नाही. राजचिन्ह काढायला सांगा. दुकानदार कुरकुर करत नाही, फाइलमध्ये ते वेगळ्या लेयरवर आहे. 'आपले पूर्वज' खोडून 'या आडनावाची माणसं' असं लिहून घेतलं की अर्धी फ्रेम आपोआप खरी होते.

आडनावाच्या गोष्टीचंही तसंच. किल्ल्याच्या छोट्या कवाडातून गाई आत घेऊन त्या वाचवल्या, म्हणून गायकवाड, ही कथा राजघराण्यात सांगितली जाते. फ्रेमवर ती पूर्णविरामासकट इतिहास म्हणून छापली आहे. 'अशी परंपरेने सांगितली जाणारी कथा आहे' एवढी ओळ जोडली की पुरे.

आता राजघराण्याचा तक्ता. इथे जरा थांबावं लागतं, कारण फ्रेमचा सर्वांत मोठा भाग हाच आहे आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच आहेत.

पहिली ओळ म्हणते, 'पिलाजीराव हे दमाजींचे पुत्र.' पिलाजी हे पहिल्या दमाजींचे पुतणे. दमाजींनी १७२० साली बाळापूरच्या लढाईत नाव कमावलं आणि समशेर बहादूर ही पदवी त्यांच्याकडे आली. पिलाजींनी गुजरातेत जम बसवला, सोनगडला ठाणं केलं आणि १७३२ मध्ये डाकोरला त्यांचा खून झाला. बडोदे कायमचं हाती आलं ते त्यांचे पुत्र दुसरे दमाजी यांच्या काळात, १७३४ साली. फ्रेमवर दोन्ही दमाजी एकच समजून एकाच माणसाला बाळापूरही दिलंय आणि पानिपतही. पानिपतावर १७६१ साली होते ते दुसरे दमाजी. पहिले दमाजी त्याच्या चाळीस वर्षं आधी वारले होते.

दुसरी चूक गाळण्याची आहे. खंडेराव १८७० पर्यंत आणि त्यापुढे थेट १८७५, सयाजीराव. मधली पाच वर्षं गायब. त्या पाच वर्षांत गादीवर मल्हारराव होते, खंडेरावांचे धाकटे भाऊ. इंग्रज सरकारचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेर, याला विष देण्याचा आरोप त्यांच्यावर आला, चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं, त्यातले तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद यांच्यात मतभेद झाले, तरी १८७५ मध्ये कारभार बिघडल्याचं कारण देऊन त्यांना गादीवरून काढण्यात आलं. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे शिंदे महाराजही होते. मल्हाररावांना गाळल्याने फ्रेम देखणी होते हे खरं, पण मग सयाजीराव दत्तक का आले याचा पत्ताच लागत नाही.

आणि तो पत्ता न लागल्यामुळे पुढची ओळ चुकते: 'सयाजीराव महाराज, खंडेरावांचे सुपुत्र, जन्म बडोदे.' सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३, गाव कवळाणे, आताचा नाशिक जिल्हा, मालेगाव तालुका. पाळण्यातलं नाव गोपाळराव, वडील काशीराव. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी त्यांना २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतलं. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ रोजी. फ्रेमवर 'राज्यारोहण' म्हणून १८८१ छापलंय. तिथे '१८७५ दत्तक व गादी, १८८१ पूर्ण अधिकार' असं लिहून घ्यावं, जागा तेवढीच लागते.

तिसरी चूक बडोदेकरांना सर्वांत टोचेल. 'महाराजांनी सयाजीराव विद्यापीठ स्थापन केले.' महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी वारले, विद्यापीठ झालं १९४९ साली. सयाजीरावांच्या कारकिर्दीतलं ते बडोदे कॉलेज, १८८१ चं. विद्यापीठ उभं राहिलं त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या वेळी. त्याच वर्षी १ मे रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. जे खरोखर सयाजीरावांचं आहे ते मात्र फ्रेमवर नाही: १८९३ साली अमरेलीत करून पाहिलेलं आणि १९०६ पासून सबंध संस्थानात लागू केलेलं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९०४ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, १९०८ ची बँक ऑफ बडोदा, १९१० च्या सुमारास अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणून उभारलेली ग्रंथालयांची साखळी. शिवाय १९३२ च्या कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष सयाजीराव होते. मराठी घरात लावायच्या फ्रेमवर तर ही ओळ हवीच. लक्ष्मी विलास महालाचा मोठा फोटो थोडा लहान केला की या चार-पाच ओळी आरामात बसतात.

चिमणाबाईंच्या बाबतीत फोटो एकीचा आणि टॉवर दुसरीचा, असा प्रकार आहे. रावपुऱ्याचा चिमणाबाई टॉवर १८९६ चा, तो सयाजीरावांच्या पहिल्या पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेला. त्या तंजावरच्या लक्ष्मीबाई, सासरचं नाव चिमणाबाई, १८८५ मध्ये वारल्या. फ्रेमवरचा फोटो दुसऱ्या चिमणाबाईंचा आहे, देवासच्या गजराबाईंचा. १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्ष त्या होत्या. फोटो तोच ठेवायचा असेल तर टॉवर काढा आणि परिषद लिहा. रावपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला ही फ्रेम भेट देणार असाल तर हे विसरू नका, पहिल्याच दिवशी कोणीतरी बोट ठेवील.

या फाइलच्या दोन आवृत्त्या आहेत आणि दुकानदार आडनाव ऐकल्यावर अंदाजाने एक पुढे करतो. भगव्या चौकटीत सयाजीराव, निळ्या चौकटीत दादासाहेब गायकवाड. भगव्यात दादासाहेब नाहीत, निळ्यात सयाजीराव नाहीत. हा अंदाजाचा धंदा खरं तर दुकानदाराने बंद करायला हवा. भाऊराव कृष्णाजी गायकवाड, कर्मवीर दादासाहेब, जन्म १५ ऑक्टोबर १९०२, नाशिक जिल्ह्यातलं दिंडोरी तालुक्यातलं आंबे गाव. मार्च १९३० मध्ये सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे ते बिनीचे कार्यकर्ते, बाबासाहेबांचे निकटचे सहकारी, पुढे रिपब्लिकन पक्षाचे नेते, १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर, नंतर राज्यसभेवर, १९६८ साली पद्मश्री. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं. निळ्या आवृत्तीत जन्मसाल बरोबर आहे, पण 'महाडचे सत्याग्रही' एवढंच लिहून काळाराम गाळलंय, म्हणजे कणाच काढून घेतलाय.

दोघांना एका फ्रेमवर आणायला सबळ कारण आहे आणि ते बडोद्यातच सापडतं. बाबासाहेबांना १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाता आलं ते सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याच संस्थानात १९१७ साली नोकरीला आल्यावर त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी विश्रामगृहातून बाहेर पडावं लागलं. कमाटीबागेत संकल्पभूमी आहे ती त्या दिवसाची आठवण. सयाजीराव, बाबासाहेब आणि त्यांच्या लढ्यात पुढे उभे राहिलेले दादासाहेब, एवढी साखळी एका फ्रेमवर दिसली तर दोन्ही आवृत्त्यांपेक्षा ती फ्रेम मोलाची होईल. मिश्र आवृत्ती मागितली तर दुकानात करून मिळते. मात्र 'दोन फाइल जोडायच्या' म्हणून डिझाइनचे वेगळे पैसे सांगतात. ते पैसे देण्यासारखे आहेत.

क्रिकेटची पट्टी दोन्ही आवृत्त्यांत सारखी. बडोद्यात ती असणारच. दत्ताजीराव गायकवाड, जन्म १९२८, ११ कसोटी सामने, १९५७-५८ ला बडोद्याने रणजी करंडक जिंकला तेव्हाचे कर्णधार. फ्रेमवर त्यांच्या नावाखाली जो फोटो आहे तो महाराज फत्तेसिंहरावांचा आहे! हा गोंधळ कशातून झाला ते सांगता येतं. १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार दत्ता गायकवाड आणि संघाचे व्यवस्थापक फत्तेसिंहराव गायकवाड. आडनावाने शोधलं की दोघांचे फोटो एकत्र येतात. फत्तेसिंहराव १९६३ ते १९६६ क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही होते, त्यांना वेगळी ओळ द्यावी. 'पाचही कसोटींत नेतृत्व' हेही चूक. त्या मालिकेत लॉर्ड्सवर पंकज रॉय कर्णधार होते, दत्ताजीराव उरलेल्या चार सामन्यांत. मालिका आपण ५-० हरलो, ते फ्रेमवर नाही लिहिलं तरी चालेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. जुन्या फाइलमध्ये ते हयात दाखवले आहेत.

त्यांचे पुत्र अंशुमन यांचंही तेच. ३१ जुलै २०२४ रोजी निधन, फाइलमध्ये नोंद नाही. जन्म 'बडोदे' लिहिलाय, तो मुंबईचा, २३ सप्टेंबर १९५२. सामने ४० बरोबर आहेत. १९८३ मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध केलेल्या २०१ धावा आणि त्यासाठी खेळपट्टीवर काढलेली ६७१ मिनिटं ही ओळ उत्तम आहे, ती ठेवा. १९७६ ला किंग्स्टनला कानावर चेंडू बसून ८१ धावांवर जखमी होऊन परतले, हे पुढे जोडलं तर माणूस नीट उभा राहतो.

हिरालाल गायकवाड फ्रेमवर नाहीतच. नागपूरचा जन्म, इंदूरच्या होळकर संघाचे डावखुरे गोलंदाज, एकच कसोटी, १९५२, पाकिस्तानविरुद्ध लखनौला. इंदूरच्या नातेवाइकांना द्यायची फ्रेम असेल तर त्यांचं नाव आवर्जून घालावं. ऋतुराज आहेत, पण 'एका षटकात सहा षटकार' असे. ते सात होते: २८ नोव्हेंबर २०२२, अहमदाबाद, विजय हजारे करंडक, उत्तर प्रदेशविरुद्ध. षटकात एक नोबॉल पडला म्हणून सात, षटकात ४३ धावा. विजापूरच्या राजेश्वरी गायकवाड, भारतीय महिला संघाच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाज, २०१७ च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध १५ धावांत ५ बळी, यांना जागा मिळालेली नाही. तयार फाइलमध्ये दोन राण्या सोडल्या तर बाई नाही, हे लक्षात घेऊन ही ओळ घालून घ्या. कार्तिकी गायकवाड आणि खासदार वर्षा गायकवाड हीही नावं सुचवता येतील.

रजनीकांत सगळ्यांना हवेच असतात. मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, जन्म १२ डिसेंबर १९५०, बंगळूर, घर मराठी. 'मूळचे बडोद्याचे' ही फ्रेमवरची ओळ काढून टाका. लक्ष्मण गायकवाड यांना १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती नोंद निळ्या आवृत्तीत आहे आणि बरोबर आहे.

माणसं किती घ्यायची? तयार फाइलमध्ये इतकी कोंबली आहेत की खालच्या ओळी ९ पॉइंटांत गेल्या आहेत. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे ९ पॉइंटांत ओळी एकमेकींवर चढतात आणि चार फुटांवरून काहीच वाचता येत नाही. १२ × १८ इंचांत १४ पॉइंटांच्या खाली जाऊ नये, ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीच्या आसपास ठेवावं. त्या हिशेबात आठ ते दहा माणसं नीट बसतात. जास्त हवी असतील तर फोटो काढा आणि नावं ठेवा, उलट करू नका.

गोत्र-देवक-कुलदैवताचा चौकोन दुकानदार आपल्या मनाने भरून देतो, 'खंडोबा, जेजुरी' वगैरे. हा चौकोन आडनावावरून भरताच येत नाही, कारण एकाच आडनावाच्या दोन घरांची देवकं वेगळी निघतात आणि सोयरीक जुळवताना नेमकं तेच पाहिलं जातं. देवक कोणतं ते घरातल्या थोरल्या काकू किंवा आत्या सांगतील, लग्नात देवक बसवताना त्यांनी पाहिलेलं असतं. मूळ गाव, पणजोबांचं नाव आणि आडनाव एवढं हाताशी असेल तर नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आधीच्या पिढ्यांची नावं सापडू शकतात. या वह्या गाव आणि आडनाव यांवरून लावलेल्या असतात, त्यामुळे मूळ गाव ठाऊक नसलं की शोध तिथेच अडतो. पत्ता लागला नाही तर चौकोन काढून टाका. रिकामा चौकोन वाईट दिसतो, पण खोटा भरलेला चौकोन मुलांच्या लग्नाच्या वेळी अडचणीत आणतो.

इंग्रजी ओळीत दुकानदार सर्रास राजघराण्याचं स्पेलिंग लावतो, 'के'च्या आधी 'ए-ई' असलेलं. दत्ता, अंशुमन, हिरालाल यांचंही 'ए-ई', ऋतुराजचं 'ए-आय', राजेश्वरीचं 'ए-वाय-ए'. 'ए-ई' लिहिलं म्हणून कोणी राजघराण्यातला होत नाही. आधार कार्डावर जे आहे तेच फ्रेमवर घ्या. हीच फाइल पुढे दाराच्या पाटीसाठी वापरली जाते आणि पाटीवरचं स्पेलिंग वेगळं असलं की कुरियरवाला खालूनच परत जातो.

छपाईकडे वळू. १२ × १८ इंच हे माप मुद्दाम आहे: डिजिटल प्रेसचा कागद १३ × १९ इंचांचा असतो, त्यात ते एका छापेत बसतं. १८ × २४ मागितलं की प्लॉटरवर, म्हणजे मोठ्या रोलच्या छपाई यंत्रावर, जावं लागतं आणि दर एकदम दुपटीच्या पुढे उडी घेतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) मॅट कागद घ्यावा. ग्लॉसी लॅमिनेशन काचेखाली दोनदा चमकतं आणि ट्यूबलाइटच्या समोर अर्धी फ्रेम पांढरी दिसते. स्क्रीनवरचा भगवा छापून आल्यावर विटकरीकडे झुकतो, कारण छपाईच्या चार शाईंत तो झगझगीतपणा उतरत नाही. म्हणून रंग मोबाइलवर पसंत करू नका, ४ × ६ इंचाचा नमुना छापून मागा.

घरातले जुने फोटो देताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जाऊन साधारण १६०० पिक्सेलांचा होतो. दोन इंची गोलात ६०० पिक्सेल पुरतात, तिथे अडचण नाही. पण तोच फोटो १२ इंच रुंदीच्या पार्श्वभूमीला लावला तर ३६०० पिक्सेल लागतात आणि चेहरा पिठासारखा फुटतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर दुकानातच ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून घ्या. फोटो लहान असेल तर ६०० ला. सयाजीरावांच्या काळातले जुने छापील फोटो बहुतेक वापरायला मोकळे झाले आहेत, दादासाहेबांच्या नंतरच्या फोटोंचं मात्र तसं धरू नका, कारण २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे फोटोचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. ऋतुराज, रजनीकांत यांचे इंटरनेटवरून उचललेले फोटो मात्र कोणाच्या तरी मालकीचे आहेत. घरच्या भिंतीपुरतं कोणी विचारायला येत नाही, पण दुकानदाराने तीच फ्रेम शोकेसमध्ये विकायला लावणं वेगळं.

मराठीच्या अक्षरांची अडचण सर्वांत मोठी, आणि ती दुकानदाराच्या लक्षात येतच नाही. आपण युनिकोडमध्ये लिहून पाठवलेला मजकूर तो कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत चिकटवतो. तिथे जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे सरकते. मग तो जुन्या फॉन्टात पुन्हा टाइप करतो. टाइप करणारा गुजराती असतो, आणि गुजराती लिपीत चंद्रकोरी रफार नाही, म्हणून 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'साऱ्या'चं 'सार्या'. ळ त्याला ठाऊक असतो, पण फाइल हिंदी फॉन्टातून आली असेल तर 'कवळाणे'चं 'कवलाणे' होऊन बसतं. ल आणि श ही अक्षरंही हिंदी वळणाची येतात. उपाय असा: मजकूर युनिकोडमध्ये मराठी वळणाच्या फॉन्टात आपणच मांडून त्याची पीडीएफ करून द्यावी आणि ती फ्रेमच्या फाइलमध्ये चित्र म्हणून नव्हे, तर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे रेखाकार करून, घ्यायला सांगावी. चित्र म्हणून घेतली तर अक्षरांच्या कडा पिसाटतात. तपासणीसाठी हे सहा शब्द आधी पाहा: दुसऱ्या, कवळाणे, श्रीमंत, कर्मवीर, विद्यार्थी, सत्याग्रह. हे सहा बरोबर असतील तर बाकीचं बहुधा बरोबर असतं. कर्व्ह केल्यानंतर एक अक्षरही बदलता येत नाही, म्हणून मंजुरी त्याच्या आधी द्या आणि तीही मोबाइलवर न देता छापील प्रतीवर, बोट ठेवून एकेक ओळ वाचून.

चौकटीत दोन गोष्टी मागून घ्याव्या लागतात. एक, काच आणि कागद यांच्यामध्ये दोन मिलिमीटरचा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची किनार. तो नसेल तर विश्वामित्रीकाठच्या पावसाळी दमटपणात छपाई काचेला चिकटते आणि नंतर सोडवताना शाई काचेवरच राहते. दोन, मागचा ३ मिलिमीटरचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) चारही बाजूंनी कागदी टेपने बंद करणं, नाहीतर वर्षभरात कसर आत शिरते. स्टेपलर मारून दिलेली पाठ स्वीकारू नका. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावून घेतली की फ्रेम भिंतीपासून सुटी राहते आणि मागे बुरशी धरत नाही. १८ × २४ ची काचेची फ्रेम अडीच-तीन किलोंपर्यंत जाते, तिला एका आकड्यावर टांगू नये. वरून एक तृतीयांशावर दोन कड्या आणि तार हवी. पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळावी. ॲक्रिलिकवर थेट छापलेली आवृत्ती हलकी आणि दिसायला देखणी आहे, पण घरात पुसण्याच्या फडक्याने तिच्यावर बारीक ओरखडे उठतात, काचेचीच बरी.

ऑर्डर देताना क्रम असा ठेवा: आधी माणसांची यादी आणि प्रत्येकाखालच्या ओळी कागदावर, मग फोटो, मग छापील नमुना, मग मंजुरीची सही आणि तारीख त्याच नमुन्यावर. अर्धे पैसे आगाऊ मागतात, ते ठीक आहे, पण बिलावर 'मंजूर नमुन्याप्रमाणे' असं लिहून घ्यावं. त्यानंतर छपाईत चूक निघाली तर दुकान पुन्हा छापून देतं. मजकुरातली चूक निघाली तर नाही, कारण सही आपली असते. तयार मजकुराची फ्रेम दोन दिवसांत मिळते, आपल्या मजकुराची आठवडा घेते. गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात टाइप करायला बदली माणसं असतात आणि चुका वाढतात, तेव्हा घाईची ऑर्डर टाकू नये. आणि फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर मागून घ्या, तीही कर्व्ह करण्याआधीची. नातवाचं नाव जोडायचं असेल तेव्हा पुन्हा पहिल्यापासून पैसे मोजावे लागणार नाहीत.